बाहेरची कडी

मूलचंद शेठच्या दुकानात शेठनं स्टूल दिलं ते माझ्या सुनेला. मी, तिची सासू, उभीच. तिथंच माझं डोकं फिरलं.

शालू काय दारं बघून राह्यली होती! दारामागं बॅटरी धरायची न् अंगदला, म्हणजे माझ्या पोराला, म्हणायची, "फटीतून उजेड दिसतो का बघा." टेंभुर्णीच्या आमच्या घरात जिन्याखाली अडगळीची खोली हाय, तिला दार पाहिजे होतं. तिथं अंधार करून ती फोटोचा रोल धुणार होती.

तिच्या बापाचा वाटूरला फोटो स्टुडिओ होता. अख्ख्या गावाची लग्नं काढली त्यानं, पण घरात बायकोचा एक फोटो न्हाई. तिला कॅमेऱ्याची लाज. मरायच्या आधी कशीबशी बसली म्हणे त्याच्यासमोर. मंग ती गेली, मागून तोबी गेला, न् रोल कॅमेऱ्यातच राह्यला. शालूला आईचं तोंड बघायचं होतं. रोल दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ती बिलकुल तयार नव्हती.

दार मात्र बराबर निवडलं तिनं. जड, चौकटीत घट्ट बसणारं, कडेनं रबराची पट्टी. शेवटी शेठला म्हणली, "कडी आतून पाहिजे."

मी म्हणलं, "आमच्याकडं सुना आतून कडी लावून बसत न्हाईत. बाहेरून लावा."

शेठ म्हणला, "मावशी, मधीच कुणी उघडलं न् उजेड लागला, की रोल खलास."

"मंग कोण उघडतंय?"

अंगद भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. बापावर गेलाय, नंदीबैल. कडी बाहेरून बसली.

रोल धुवायच्या दिवशी शालू म्हणली, "आत्याबाई, मी आत असले की दार उघडू नका. पाया पडते." पडलीबी. मी हूं म्हणलं.

ती आत गेली न् दिवेलागण झाली. दिवेलागणीला घरातलं दार झाकू न्हाई, लक्ष्मी परत जाते, हे शेंबडं पोरगंबी सांगल. मी दिवा लावला न् हाक मारली, "शाले, दार उघड गं."

आतून म्हणली, "थांबा, एकच मिनिट. रोल हातात हाय."

थांबा! माझ्या घरात, मला! माझ्या सासूला मी जन्मात थांबा म्हणलं न्हाई. कडी बाहेरून, मंग ती आतून कशी लावणार? दार नुसतं ओढलेलं. धरलं न् सताड उघडलं.

ती खाली बसलेली, फिल्म हातात. मला वाटलं, आता रडल, दोन शब्द बोलल, मंग मीबी बोलीन. कशाचं काय! तिनं दार ओढून घेतलं न् राह्यलेलं काम केलं.

सकाळी दोरीवर फिल्मची पट्टी वाळत होती, इकडून तिकडं काळीकुट्ट. मला तिथं नेलं न् म्हणली, "आत्याबाई, ही माझी आई."

मी म्हणलं, "इतकी काळी होती का गं?"

जीभ हाय, सुटली. अंगद जेवता जेवता उठला. ती मात्र भाकरी वाढत राह्यली, माझ्या ताटात तूपबी घातलं. मला वाटलं, जिरली.

पोळ्याला मी न्हाणीत घसरले. खुबा मोडला. माझी खोली वर, जिना चढता येईना. मंग अंगदनं माझी बाज जिन्याखालच्या खोलीत टाकली. शालू सगळं करती. गरम पाणी, गोळ्या, अंग पुसणं. भेटायला येणारे म्हणतेत, नशीब काढलं तुळजाबाईनं.

माणसं गेली की ती दार लावती. "मांजर येतं," म्हणती. न् कडी घालती, बाहेरून. फोटो छापायला आणलेला लाल बल्ब तेवढा आत हाय, त्याचंबी बटण बाहेर. काय दार निवडलंय सटवीनं! फटीतून काडीइतका उजेड येत न्हाई. दिवस हाय का रात, कळत न्हाई मला. भ्या वाटतं.

देवापुढं घंटी वाजली की समजतं, दिवेलागण झाली. मंग मी ओरडते, "शाले, दार उघड गं."

ती दाराशी येती. बांगड्या वाजतात.

"थांबा आत्याबाई," म्हणती, "एकच मिनिट."

मंग चुलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो.