पदराखालचा मोबाईल

उद्या नगरला शिष्यवृत्तीसाठी गाण्याची निवडचाचणी होती, आणि शबनमच्या मोबाईलमध्ये तिनं गायलेलं भूप रागातलं एकही अख्खं गाणं नव्हतं.

नेवाशात तिला गाणं शिकवणाऱ्या मालनबाईंनी सांगितलं होतं, "रोज रेकॉर्ड कर आन स्वतः ऐक." शबनम करतही होती. पण तान जरा घसरली की तिचा अंगठा लाल बटणावर जायचा आणि गाणं तिथंच थांबायचं.

बाईंनी ते सगळे तुकडे ऐकले.

"सुरुवात लई गोड हाय गं. पण शेवट कुठं गेला?"

"चुकतंय ना, बाई!" शबनम रडकुंडीला आली.

"मंजी तू थांबायचाच रियाज केलास की! तिथं परीक्षक पुन्हा सुरुवात करू देतील व्हय? आण तो मोबाईल."

बाईंनी रेकॉर्डिंग चालू केलं, मोबाईल पदराखाली झाकला आणि हातानं ताल धरला.

दुसऱ्याच तानेत धैवत घसरला. शबनमचा अंगठा मांडीवर बटण शोधू लागला. बाईंची टाळी मात्र थांबेना. मग तिनं तान आवरती घेतली आणि धडपडत का होईना, समेवर येऊन पोचली.

नंतर दोघींनी ऐकलं. चूक होती तिथंच होती. पण चुकीच्या पुढंही शेवटपर्यंत गाणं होतं.

"बाई, पुन्हा गाते. मोबाईल राहू द्या तुमच्याकडं."

"आन अम्मीचा फोन आला तर?"

"सांगा, आता मधेच थांबता येत नाही."