होडीची पेटी

विश्वंभर मास्तर तिसऱ्यांदा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा श्रीवर्धनात कोणालाच नवल वाटलं नाही. बावन्न साली आपटले, सत्तावन्न साली आपटले, आता बासष्टला कशाला मागे राहतील? गोदावरीबाईंनी तर नवरा अर्ज भरून आला त्याच दिवशी सांगून टाकलं, "या खेपेला हार आणून ठेवू नका हो, गेल्या वेळची फुलं फुकट गेली."

खरं सांगायचं तर मास्तरांची आमदारकीची हौस केव्हाच फिटली होती. डोक्यात पाच वर्षं एकच भुंगा होता. खाडीपलीकडच्या कोळीवाड्याने आपल्याला दगा का दिला? सत्तावन्नला तिथल्या कोळणींची म्होरकी वेणूबाई हिने गावकीच्या बैठकीत नारळावर हात ठेवून सांगितलं होतं, "मास्तर, आमच्या बायांची मतं तुमची." तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली. मास्तरांची निशाणी होडी. कोळ्यांना होडी का दाखवायला लागते? तरी कोळीवाड्याच्या केंद्रावर होडीच्या पेटीत मतं निघाली सात! तो आकडा ऐकला आणि मास्तर मोजणीतून ताडकन उठून घरी आले. पुढे कोळीवाड्यात पाऊल टाकलं नाही. कोळ्यांचे सरकारी अर्ज लिहून द्यायचे, तेही बंद केलं. शहाणा माणूस रुसला की भारीच रुसतो.

या वेळी मात्र मत मागायच्या निमित्ताने ते गेले. वेणूबाई अंगणात सुकट पसरत होती. त्यांना बघून उठली, पण हसली नाही. मास्तरांनी प्रचाराचं एक अक्षर काढलं नाही.

"वेणूबाई, गेल्या वेळी मला शब्द दिलात आणि मत कोणाला टाकलंत? मला फक्त कळायला हवं."

वेणूबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कोनाला म्हंजे? तुमालाच! शंभर बाया रांगंत उभ्या व्हत्या."

"मग पेटीत का नाही निघाली?"

"पेटीत?" ती बघतच राहिली. "पेटीत कशी टाकनार? नवी कोरी पेटी, वर होडी. नव्या होडीत पूजेआदी कोन काय टाकतो का? पयला मान वर ठेवायचा. आमी पडद्याआड गेलो, कुंकू लावलं, कागूद पेटीवर ठेवला, हात जोडले नि आलो. आत टाकायचं काम सायबाचं."

मास्तर तिथल्याच पालथ्या टोपलीवर मटकन बसले. पेटीवरचे कागद साहेबाने बाद केले असणार, आणखी काय? जन्मभर पोरांना शिकवलं, प्रचारात होडी होडी म्हणून घसा फोडला, आणि कागद आत टाकायचा एवढं सांगायचं राहिलं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मला वाटलं, तुम्ही फिरलात," ते कसेबसे म्हणाले.

"पाच वर्सं तसं वाटत व्हतं? यकदा इचारायचं तरी, मास्तर!" वेणूबाईने पदराने हात पुसले. "आमाला वाटलं, आमच्याच हातून काय चुकलं. धक्क्यावरच्या दिव्याचा अर्ज तुमच्यापायी पडून ऱ्हायला. मंग तो वकील आला, त्यानं लिवला. या खेपेला तोबी उभा हाय, गावकीनं त्याला शब्द दिलाय. त्याच्या तराजूच्या निशाणीला."

तो शब्द मोडा, असं म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना. या बायकांचा शब्द काय वजनाचा असतो, ते त्यांना आत्ताच कळलं होतं.

"आवंदा पेट्या निराळ्या न्हाईत म्हनं?" वेणूबाईने विचारलं.

"नाहीत. सगळी चित्रं एकाच कागदावर. आपल्या चित्रापुढे शिक्का मारायचा, घडी घालायची आणि कागद पेटीत टाकायचा. आत."

"मंग समद्यांना नीट दावा. पुन्यांदा फुकट जायला नको."

तिने काशीला, कमळला, नलूला हाका मारल्या. अंगण बायकांनी भरलं. मास्तरांनी खिशातला कागद गुडघ्यावर पसरला, पेन्सिलीने आधी होडी काढली, मग तिच्याखाली तराजू. वेणूबाईने शिक्का म्हणून अंगठ्याला चुलीतली काजळी लावली आणि कागदावर वाकली.

"कुठं, मास्तर?"

मास्तरांनी तराजूपुढे बोट ठेवलं. "इथे," ते म्हणाले. "नीट दाबा, पुसट उठलं तर बाद होतं."