रंग नीट लागेपर्यंत

मी खोका बोलतोय. खेळाचा खोका. उभ्या माणसाच्या खांद्याएवढी उंची, वर काचेची खिडकी, तिच्याखाली एक दांडी आणि दोन बटणं. नाणं टाकून पाहू नका. ते आत पडल्याचा आवाज तेवढा येईल, बाकी काही होणार नाही. पण थांबलाच आहात, तर माझं ऐकून घ्या. उद्या ऐकवायला मी नसेन.

रेडिओच्या लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. रेडिओला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, म्हणून मालकाच्या डोक्यात खेळांच्या खोक्यांचं खूळ शिरलं. खेळ लिहायला त्याने एक माणूस ठेवला. आधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी सांगितलेला खेळ असा होता: नदीला पूर आलाय, सात माणसं छपरांवर अडकलीत, पाणी चढतंय, आणि खेळणाऱ्याने बोट नेऊन एकेकाला उतरवून घ्यायचं.

खेळ झाला, पण चित्रं कोण काढणार? मास्तरांची बायको स्वेटरांचे नमुने तयार करायची. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून हरीण, फूल, पानं. मास्तरांनी तसलाच कागद तिच्यापुढे सरकवला.

"सोळा घरं आडवी, सोळा उभी. एवढ्यात एक माणूस बसव."

"अहो, नाकाला जागाच उरत नाही."

"बुडणाऱ्याचं नाक कोण बघतंय, अगं?"

तरी बाईंनी सातांपैकी दोघांना नाक दिलंच. एक होती कोंबडी काखोटीला मारलेली म्हातारी, दुसरा शिवणयंत्र डोक्यावर घेतलेला शिंपी. शिंप्याचं नाक म्हणजे एकच ठिपका, पण त्याच्याशिवाय तो शिंपी वाटत नसे.

असे आम्ही तेवीस खोके झालो. चोविसाव्याच्या फळ्या कापून झाल्या होत्या, आणि कारखान्याला टाळं लागलं.

मला फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या उपाहारगृहात जागा मिळाली. तिथे मी माणसं पाहिली. रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सा, मालगाड्यांचे ड्रायव्हर, बोट चुकलेली नवराबायको. खेळातली बोट उजवीकडे वळवायची असली की माणूस स्वतःच उजवीकडे झुकतो. दांडी एकटी वळवील यावर त्याचा विश्वास नसतो. आणि हरला की आधी मला लाथ मारतो, मग बुटाला काही झालं का ते बघतो. एक चहावाल्या बाई होत्या, त्या रोज दुपारी एकच डाव खेळायच्या आणि म्हातारीला सोडवलं की उरलेल्यांना तसंच सोडून कामाला लागायच्या. "माझं माणूस आलं," म्हणायच्या.

मग नवे खेळ आले. मला शीतपेयांच्या रिकाम्या क्रेट्समागे ढकललं. कितीतरी वर्षं गेली. उपाहारगृह पाडायचं ठरलं, तेव्हा कुणीतरी मास्तरांना कळवलं, आणि ते टेम्पो घेऊन हजर झाले.

"घरात धड खुर्ची मावत नाही," बाई दारातच म्हणाल्या, "आणि हे धूड कुठे ठेवणार?"

"तुझीच माणसं आहेत आत. काढून दे बाहेर."

बाईंनी खिडकीजवळचं कपाट ओढून माझ्यासाठी जागा केली, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यावर लोकरीचे गुंडे रचले. म्हणजे मी घरचा झालो.

पुढची काही वर्षं सुखाची गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. मास्तर संध्याकाळी माझ्यासमोर उभे राहायचे, बाई विणत बसायच्या, आणि माझ्या पोटातून पुराचं ते एकसुरी संगीत वाजत राहायचं.

एके दिवशी मास्तर दूध आणायला गेले आणि पोस्टात रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या माणसाने काय हवं विचारलं, तर त्यांना सांगता येईना. तिथून सुरुवात झाली. मग चष्मा पावाच्या डब्यात, किल्ल्या बादलीत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बराच वेळ कागद पाहिले, आणि म्हणाल्या, "हे मागे फिरणारं नाही. पण जुन्या, हाताला सवयीच्या गोष्टी समोर ठेवा. त्या शेवटपर्यंत टिकतात."

त्या दिवसापासून बाईंचा सगळा जीव माझ्यात अडकला. आणि नेमका मीच आजारी पडलो. चार दिवसांत एकदा चालू व्हायचो, तेही मध्येच चित्र फाटायचं. मी चालू असलो की मास्तरांचा चेहरा उजळायचा. ते सातही जणांना नावाने हाका मारायचे. बंद असलो की काचेवर टिचक्या मारून म्हणायचे, "काय रे, तुलाही आठवेना का?"

बाईंनी चौकशी करकरून एक माणूस शोधून काढला. धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, पण डोक्यात वेड जुन्या यंत्रांचं. बाई त्याला कवळीवाला म्हणू लागल्या. त्याने माझी पाठ उघडली आणि आतली चिप्स जडवलेली पाटी उजेडात धरली.

"बाई, तेवीस बनले होते ना? बावीस गेले. आम्ही जगभर विचारून झालोय. हा एकच आहे."

"दुरुस्त होईल?"

"ओढूनताणून काही महिने. कधी चालेल, कधी नाही. मग कायमचा बंद." त्याने खुर्ची ओढून घेतली. "दुसरा एक मार्ग आहे. आम्ही काही वेडे लोक नव्या संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला शिकवतो. एम्युलेटर म्हणतात त्याला. सोंग इतकं हुबेहूब वठतं की खेळाला कळतच नाही आपण घर बदललं ते. दहा वर्षांपूर्वी जमत नव्हतं, आता जमतं. पण ह्याच्यातली ही एक चिप कुलूपबंद आहे. आम्लाने तिची पाठ विरघळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा फोटो काढायचा, तेव्हाच आत काय लिहिलंय ते वाचता येतं. आणि पाठ गेली की चिप गेली. हा खोका पुन्हा चालणार नाही."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. तो दिवस बरा होता. मास्तर सगळं ऐकत होते.

"उघडा," ते म्हणाले. "आमच्या दोघांच्या माघारीही खेळ चालला पाहिजे."

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण आपल्याला घडवणाऱ्यानेच सांगितल्यावर काय बोलणार? शेवटचा डाव मास्तरांनी खेळला. पाच जण सोडवले. मग कवळीवाल्याने माझी पाटी फडक्यात गुंडाळून नेली, आणि माझी काच काळी झाली.

फोटो आले ते बाई आणि कवळीवाला जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. राखाडी जमीन, तिच्यावर ठिपक्यांच्या ओळी; काही गडद, काही फिकट. हजारोंच्या घरात ठिपके. संगणकाला फिकट-गडद ओळखताना चुका होत होत्या, म्हणून कवळीवाला डोळ्यांनी तपासायचा आणि थकून जायचा.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. "माझा जन्म असल्या कागदांत गेलाय."

आणि त्यांनी भिंग घेऊन वाचायला सुरुवात केली. टाका, रिकामं, टाका, टाका, रिकामं. रोज न्याहारी झाली की टेबलाशी, ते उन्हं कलेपर्यंत. मास्तर आतल्या खोलीतून हाक मारायचे, "अगं, येतेस का?" आणि बाई म्हणायच्या, "आलेच, एवढी ओळ होऊ दे." मी खिडकीजवळ उभा राहून ऐकायचो. ओळ व्हायची, दुसरी सुरू व्हायची. हळूहळू हाका कमी झाल्या.

सात महिन्यांनी कवळीवाला संगणक काखेत मारून धावतच आला.

"उठलं, बाई! चित्र उमटलं!"

टेबलावरच्या पडद्यावर पूर आला होता खरा. पण माणसांचे चेहरे निळे, नदी गुलाबी, संगीत अजिबात नाही, आणि बोट अशी सुसाट पळत होती की हसूच यावं. कवळीवाला हसत होताही. "मास्तरांना बोलवू? रंग चुकलेत, पण बघू देत तर."

बाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. मास्तर जागे होते. त्याच सकाळी ते लेकीला फोनवर आपणहून पुराची गोष्ट सांगत होते, शिंप्याच्या नाकासकट.

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांना चूक खपत नाही. आमच्या पोरीची वहीसुद्धा लाल करायचे. रंग नीट लागू देत, वेग बसू दे, मग एकदमच दाखवू."

कवळीवाल्यालाही ते पटलं. त्याच्यासारख्या माणसांना अर्धवट काम दाखवायची लाजच वाटते. त्याने संगणक मिटला.

रंग लागायला तीन महिने गेले. आवाजाला दोन. वेग तर कशाने बसेना. शेवटी बाईंनीच एका ओळीत आपण एक टाका चुकलोय हे शोधून काढलं. झालं तेव्हा काम असं झालं होतं की मीसुद्धा फसलो. बंद काचेआडून माझंच संगीत ऐकू आलं आणि क्षणभर वाटलं, मी जागा झालो.

बाईंनी मास्तरांना नवा सदरा घातला. हाताला धरून टेबलाशी बसवलं. लेक मुद्दाम आली होती, ती बापाच्या खुर्चीमागे उभी राहिली. पूर आला. म्हातारी कोंबडी घेऊन हात हलवू लागली. मास्तरांनी नीट, मन लावून पाहिलं. परक्या घरी गेल्यावर माणूस अल्बम पाहतो, तसं.

"छान आहे," ते बाईंना म्हणाले. "तुमच्या मुलांनी केलंय का?"

सगळा जन्म 'अगं' म्हणणारे मास्तर बाईंना 'तुम्ही' म्हणाले. कवळीवाला उठून खिडकीशी गेला. बाईंनी मान हलवली. "हो," म्हणाल्या, "मुलांनीच केलंय."

मास्तर खुर्चीतून उठले. आम्हाला वाटलं आत जातील. ते माझ्यापाशी आले. डावा हात दांडीवर, उजव्याची दोन बोटं बटणांवर, कितीतरी वर्षांच्या सवयीने जिथे पडायची तिथेच पडली. काळ्या काचेकडे बघत ते थांबले.

"चालू करा ना," ते म्हणाले.

मला ओळखलं होतं त्यांनी. बायको गेली, लेक गेली, सात माणसं गेली, आणि उरलो मी. आणि माझ्याजवळ त्यांना द्यायला काही नव्हतं.

"उद्या चालू होईल," बाई म्हणाल्या.

त्यानंतर रोज दुपारी ते यायचे. हात ठेवायचे, वाट पाहायचे. रोज बाई म्हणायच्या, "उद्या." कवळीवाल्याने माझ्या पोटात नवा पडदा आणि तो सोंग घेणारा संगणक बसवायचं ठरवलं. मापं घेतली, माझ्या खिडकीच्या आकाराचा पडदा दूरवरून मागवला. "तीन आठवडे, मास्तर," त्याने सांगितलं. मास्तरांनी मान हलवली, कशासाठी ते ठाऊक नसताना.

पडदा यायच्या चार दिवस आधी मास्तर न्हाणीघरात पडले. इस्पितळातून ते परत आले नाहीत.

कवळीवाला पडद्याचं पार्सल घेऊन दारात उभा राहिला तेव्हा बाई घरात एकट्याच होत्या. त्याने आत पाऊल टाकलं नाही.

"मी तेव्हाच दाखवायला हवं होतं," तो म्हणाला. "निळे तर निळे."

"तुम्ही विचारलं होतं. नको मी म्हटलं." बाई बाजूला झाल्या. "आणलंय तर बसवा."

त्याने बसवलं. माझ्या आत आता दुसराच कुणीतरी माझं बोलत होता, आणि माझ्यापेक्षा बरं बोलत होता. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दांडी धरली. त्यांना बोट वळवता येईना; ती किनाऱ्याला घासत राहिली. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. पाणी चढलं. एकेक करून सातही जण बुडाले. मग बाईंनी बटण दाबून ते बंद केलं आणि पुन्हा कधी लावलं नाही.

आता बाई लेकीकडे राहायला निघाल्या आहेत. तिथला जिना अरुंद आहे, मी वळणावर मावणार नाही. पडदा आणि संगणक कवळीवाला परवाच काढून घेऊन गेला. लेक आईला समजावते, "खेळ कुठे जातोय, आई? आता कुणालाही, कुठेही खेळता येतो. माझ्या फोनवरसुद्धा आहे." खरं आहे ते. जगात कुठेतरी आत्ता कुणीतरी शिंप्याला सोडवत असेल. मास्तरांनी मागितलं होतं ते मिळालं. बाईंना हवं होतं ते मात्र मिळालं नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी विसरत चाललं असेल, आणि तुम्ही त्याच्यासाठी काही करत असाल, तर ते नीट होईपर्यंत थांबू नका. चेहरे निळे असू देत, नदी गुलाबी असू दे. बोलवा त्याला टेबलाशी. त्याने हाक मारली, तर ओळ अर्धी सोडून उठा.

सकाळी दोन माणसं हातोडे घेऊन येणार आहेत. अख्खा ठेवायला कुणाकडेच जागा नाही म्हणून मला इथेच फोडून नेणार. बाईंनी माझ्या डोक्यावरची लोकर काढून पिशवीत भरली आहे. आता त्या ओल्या फडक्याने माझी काच पुसताहेत. उद्या फुटायचीच ती, तरी कोपऱ्याकोपऱ्यातून पुसताहेत, आणि मी त्यांना थांबा म्हणू शकत नाही.