सुईत दोरा

नगरपालिकेच्या त्या पत्राला व्यवस्थापकांनी उत्तर दिलंच नव्हतं. हरवलं म्हणावं, तर तसंही नाही. हातातल्या जाडजूड कादंबरीत ते खुणेसाठी घातलेलं होतं, आणि कादंबरी पुढे सरकेल तसं पत्रही पानापानाने पुढे सरकत होतं.

पत्रात वावगं काही नव्हतं. बेघरांच्या निवाऱ्यांत राहणाऱ्यांची माहिती गोळा करायला शहराने आणखी वर्षभराचे पैसे मंजूर केले होते. ज्या निवाऱ्याची माहिती पूर्ण होईल, तिथल्या लोकांच्या डोळ्यांची तपासणी आणि शस्त्रक्रिया फुकट होणार होती. व्यवस्थापकांनी फक्त लेखी संमती कळवायची. खाली माहिती घेणाऱ्या मुलीने हाताने लिहिलं होतं, 'काका, शिंपीकाकांचं नाव सगळ्यात वर घातलंय. तेवढं लवकर कळवा.'

ती शेवटची ओळच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती.

व्यवस्थापक मूळचे ग्रंथालयातले. निवृत्तीनंतर त्यांनी निवाऱ्याचं काम पत्करलं, कारण इथेही फारसं बोलावं लागणार नाही असं त्यांना वाटलं होतं. कोणाला काही विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. माणूस दारात आला की पलंग दाखवायचा, चादर हातात द्यायची, संपलं. याला ते सभ्यपणा म्हणत. हा नुसता भित्रेपणा तर नव्हे, अशी शंकाही त्यांना अधूनमधून येई.

निवाऱ्यात राहणारा शिंपी मात्र आपणहून त्यांच्या खोलीत येई. रोज संध्याकाळी, पत्र्याचा डबा काखोटीला मारून.

"पुस्तकवाले, जरा सुई ओवून द्या. तुमच्या या दिव्यात काही दम नाही."

व्यवस्थापकांनी दिवा बदलून पाहिला. तरी शिंपी यायचा तो यायचाच. सुई ओवून झाल्यावरही तो समोर बसून राही, कोणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत. व्यवस्थापक वाचत बसत. दोघांत चार शब्दही होत नसत, पण सबंध दिवसात व्यवस्थापकांना खरा आवडे तो एवढाच वेळ.

मग ती मुलगी आली. चपला वाजवत यायची आणि अंगणातल्या बाकावर एकेकाला घेऊन बसायची. घर कधी सुटलं, का सुटलं, दुखतं काय, सगळं बेधडक विचारायची. व्यवस्थापक खिडकीआड पुस्तक धरून उभे राहत. तिच्याशी बोलताना शिंपी हातवारे करी, मांडीवर थाप मारून हसे. त्याला पुढचे दात नाहीत हे यांना तेव्हा कळलं, कारण यांच्यासमोर तो कधी तोंड उघडून हसलाच नव्हता.

जाताना ती दारात थांबली. "काका, शिंपीकाकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

"हो तर," व्यवस्थापक म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

म्हणजे दिव्याचा दोष नव्हताच. आणि हे सांगायला त्याला ही कालची पोर सापडली.

पत्र आल्यावर ते उत्तर लिहायला बसले होते. 'माणसे म्हणजे मोजायच्या वस्तू नव्हेत,' असं एक वाक्य सुचलं. आधी आवडलं, मग स्वतःचीच लाज वाटली आणि कागद टोपलीत गेला. खरं कारण कागदावर मांडण्यासारखं नव्हतं. डोळे बरे झाले की शिंपी आपली सुई आपण ओवेल. मग या खोलीत येईल कशाला?

"अहो," बायको जेवताना म्हणाली, "नगरपालिकेने तुमच्यावर सवत आणलीय का?"

"काहीतरीच तुझं."

"मग त्या पोरीचं नाव निघालं की घास का अडकतो तुमचा?"

त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवाऱ्यातला एक हमाल अंगणात शिंप्याकडे सदरा घेऊन आला. शिंप्याने बटणाबरोबर खिशाचं तोंडही शिवून टाकलं होतं.

"मामा, आता पैसे ठेवू कुठे?"

"आहेत कुठे तुझ्याकडे?" शिंपी म्हणाला. सगळे हसले. तोही हसला, पण टाके उसवताना त्याची बोटं कापडावर चाचपडत होती, आणि ते एकट्या व्यवस्थापकांनी पाहिलं.

शिंपी नेहमीसारखा खोलीत आला. सुई पुढे केली. व्यवस्थापकांनी ती घेतली नाही.

"डोळ्यांचं मला का नाही सांगितलंत?" आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी कोणाला असं काही विचारलं होतं.

शिंप्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "ती ऐकते, लिहून घेते आणि जाते. तिच्याबरोबर ते रडगाणंही जातं. तुम्हाला सांगितलं असतं तर रोज तुमच्या तोंडावर बघावं लागलं असतं. इथे मी नुसता शिंपी असतो. तेवढं तरी राहू दे म्हटलं."

"आणि सुई?"

"सुईचं काय? बाहेर इतकी तरणी पोरं पडलीत. त्यातलं कोणीही ओवून देईल."

व्यवस्थापकांनी सुई घेतली. दोरा पहिल्या खेपेला काही गेला नाही.

"बरं, ती पोरगी हल्ली येत का नाही?" शिंप्याने विचारलं. "आली की लगेच हाक मारा. तिच्या चपला वाजल्या की मला बरं वाटतं बघा."

व्यवस्थापकांना पुन्हा तिचा हेवा वाटला. एवढं सगळं ऐकूनही वाटला. यांच्या चपलांचा आवाज त्याने कधी ओळखला होता का, कोण जाणे.

"येईल. माझ्यामुळेच अडलंय," ते म्हणाले आणि सुई त्याच्या हातात दिली.

कादंबरीतून पत्र काढून त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: 'संमती आहे. कोणत्याही संध्याकाळी यावे. शिंप्याला आधी घ्यावे.' 'संध्याकाळी' खोडून 'सकाळी' केलं. संध्याकाळ द्यायला काही त्यांचा जीव होईना.

"आलोच," म्हणून ते उठले, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि विचार बदलायच्या आत त्यांनी पाकीट आत सोडलं.