सवत आली दोन सिटांची

मी एक जुनी स्कूटर आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला आमच्या घरातल्या त्या गाडीचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड होतो!

एक्क्याण्णव साली जोतीराम मला उचगावला घेऊन आले. ते फौंड्रीत कामाला होते. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. मग काय, माझा तोराच वेगळा! पुढं त्यांची छोटी लेक क्रांती उभी, मागं शालूबाई, असे आम्ही दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचो. "स्कूटर न्हाय, लक्ष्मी हाय माझी," असं जोतीराम चारचौघांत म्हणायचे. रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचे.

दोन हजार चारला लेकीचं लग्न झालं. घरात दोघंच उरली, आणि जोतीरामांनी ती आणली. लालभडक, बुटकी, दोनच सिटांची, कुणाची तरी वापरलेली गाडी. पत्र्याखालची माझी जागा तिला मिळाली. मला बाहेर चिंचेखाली काढलं.

शेजारचे गणपतराव खदाखदा हसले. "जोतीराम, दोघांचीच गाडी व्हय रं? पावणं आलं तर टपावर बसवतोस काय?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण बया कामाची निघाली. आमच्या अरुंद बोळात ती सहज वळायची. सिटांमागं तांदळाचं पोतं मावायचं. भर पावसात शालूबाईंच्या साडीला थेंब लागायचा नाही. सिटाचा पट्टा बांधायला मात्र त्या तयार नसायच्या. "मला काय म्हशीगत दाव्याला बांधता?" म्हणायच्या. जोतीरामही हट्टाचे. "बांधल्याबिगर गाडी हलणार न्हाय, सांगून ठेवतो." मी चिंचेखालून नाक मुरडायची. माझ्यावर कधी कुणाला बांधावं लागलं होतं का? आणि ते फडकं! आता ते तिच्याच अंगावरून फिरायचं.

उसाच्या हंगामात दोघं बिद्रीला पाहुण्यांकडं निघाली. तिलाच घेऊन, अर्थातच. चढावर पुढच्या ट्रॅक्टरचा हूक तुटला आणि उसानं भरलेली ट्रॉली मागं घरंगळत यांच्यावर आली.

संध्याकाळी तिला टोचन लावून ओढत आणलं. नाक पार आत गेलेलं, काचेचा चुरा झालेला. आमची माणसं कुठं आहेत? तेवढ्यात मागच्या रिक्षातून दोघं उतरली. शालूबाईंचा हात खरचटला होता, बाकी दोघंही धड होती.

गणपतराव धावत आले. जोतीराम त्यांना म्हणाले, "समदा मार हिनं नाकावर घेतला बघा. आमच्यापतोर आलाच न्हाय. अन् पट्ट्यानं शालूला जाग्यावर धरली." मग माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "आज स्कूटरवर असतो, तर..." शालूबाईंनी त्या चेपलेल्या नाकावर हात ठेवला आणि त्या रडू लागल्या. "माझी बाय गं ती!"

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा, पुसा. मला नाही पुसलंत तरी चालेल. पण माझ्यावर बसताना डोक्यावर हेल्मेट घाला, आणि तिघं-चौघं दाटीवाटीनं बसू नका. त्या बयेचा हेवा मला अजून वाटतो, पहिल्यापेक्षा जास्त. तिच्याजवळ चेपायला नाक तरी होतं. माझ्या माणसांच्या आणि त्या ट्रॉलीच्या मध्ये मी काय धरलं असतं?