कर्नल धडाका आणि घरचा अबोला

नवरा-बायकोचा अबोला घरातल्या घरात असला तर फारसं काही बिघडत नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे भाजीच सांगते, आणि उरलेले निरोप पोचवायला कोणीतरी असतंच. पण त्या नवऱ्याला भर स्टेजवर विमानातून उडी मारायची असेल आणि त्याचं पॅराशूट उघडायचं की नाही हे बायकोच्या हातात असेल, तर त्याने आधीच हातापाया पडून घ्यावं. आमच्या केमिस्टाला एवढं कळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

केमिस्टाचा आवाज खर्जातला. दिवसभर तो काउंटरमागून 'जेवणानंतर एक, पाण्याबरोबर' एवढंच सांगायचा, पण ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला मोहिमेवर पाठवतायत. त्यामुळे हौशी मंडळींनी एका मारधाडीच्या सिनेमाची टर उडवायची ठरवली, तेव्हा नायक कर्नल धडाका कोण हा प्रश्नच नव्हता. टरही साधी नाही. जुन्या काळी रेडिओवर नाटकं व्हायची, तशा थाटात. चार जण हातात कागद घेऊन माइकसमोर उभे. ना पडदे, ना तलवारी. गाड्यांचा पाठलाग, मारामारी, स्फोट, सगळं कोपऱ्यातल्या एका टेबलावरून ऐकू यायचं.

ते टेबल वहिनींचं. वहिनी म्हणजे केमिस्टाची बायको, बालवाडीच्या बाई. सिंह कसा डरकाळतो आणि बेडूक कसा पाण्यात पडतो हे रोज करून दाखवण्यात त्यांची हयात गेली होती. नाटकाची मूळ कल्पनाही त्यांचीच. गुद्द्यासाठी कोबी, हाड मोडायला काकडी, पॅराशूटसाठी छत्री, गोळीला फुगा, हेलिकॉप्टरला अंडी फेटायचं यंत्र, चालण्यासाठी फळी आणि हातात घालायचे दोन जोड, एक बुटांचा नि एक सँडलचा. तालमीनंतर तो कोबी घरी परत यायचा आणि केमिस्ट तो मुकाट्याने खायचा.

मग अबोला कशाचा? तर शहरातल्या थिएटरवाल्या बाईंना तालीम आवडली. पहिला प्रयोग रंगला तर नाटक गावोगाव न्यायचं, असं त्या म्हणाल्या. फक्त त्यांच्या गाडीत जागा चारच. 'आवाजांचं काय, ते टेप करून नेऊ,' असं त्या म्हणाल्या आणि आमचा केमिस्ट 'चालेल की' म्हणून मोकळा झाला. वहिनींना हे कळलं ते धाकट्या नणंदेकडून. त्यांनी जाब विचारला, तर हा म्हणतो, "अगं, तुझीच दगदग वाचेल."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

बायको 'बरं' म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही, तर काहीही बरं नाही हे शहाण्याने ओळखावं. केमिस्टाने पेपर उघडला.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. पडद्यामागे वहिनी टेबल लावत होत्या आणि नणंद मधे उभी राहून टपालखात्याचं काम करत होती. नाटकातली नायिका तीच, त्यामुळे कर्नल तिच्यावर प्रेम करतो ते प्रसंग भावाबहिणीने आधीच कापून टाकले होते.

"तुझ्या दादाला सांग, पाणी पिऊन घ्या. घसा धरेल."

"दादा, पाणी पी."

"तिला म्हणावं, प्यायलो."

"वहिनी, प्यायलाय. आणि तुम्ही दोघं एका हाताच्या अंतरावर आहात, हेही सांगू का?"

खरं तर वहिनींनी ठरवलं होतं की काम चोख करायचं. राग घरी, काम इथे. पण निवेदक गुरुजींनी एकेकाची ओळख करून दिली, आणि शेवटी केमिस्टाच्याच अक्षरात लिहिलेली ओळ वाचली, "आणि आवाजासाठी मदत, आमच्या वहिनी."

मदत. वहिनींनी हातातली काकडी खाली ठेवली.

आता या मंडळींचा एक नियम होता, गुरुजींनीच घालून दिलेला. रेडिओवर जे ऐकू आलं, ते घडलं. आवाज चुकला तरी थांबायचं नाही, माफी मागायची नाही, गोष्टच वळवून घ्यायची. वहिनींना हा नियम पाठ होता.

"आणि कर्नल धडाक्याने," गुरुजी गरजले, "एका लाथेत तो पोलादी दरवाजा उडवला."

वहिनींनी टेबलावरची छोटी कडी वाजवली. टक टक. अगदी शेजारी साखर मागायला आल्यासारखं.

सभागृहात खसखस पिकली. केमिस्टाने कोपऱ्याकडे पाहिलं. वहिनी फळीवरची धूळ पुसत होत्या. नियम तो नियम. केमिस्टाने घसा खाकरला. "कोणी आहे का घरात? मी नंतर येऊ का?"

लोक हसले. खलनायक प्रोफेसर काळोख म्हणजे आपले पोस्टमास्तर, त्यांनी कागद उलटा धरला तो तसाच राहिला. "य... या. बूट बाहेर काढा."

मग काही विचारू नका. कर्नलने बंदूक रोखली, तर फुगा फुटायच्या ऐवजी त्यातली हवा हळूहळू सुटत गेली. फुर्रर्र करून ती इतका वेळ सुटत राहिली की पोस्टमास्तरांना तीनदा मरून तीनदा उठावं लागलं. नणंद किंचाळली, "कर्नल, तुम्ही हातात ती थकलेली बंदूक घेऊन माझ्याकडे अशा केविलवाण्या नजरेने का बघताय?" कर्नलने विमानातून उडी मारली, पण छत्री काही उघडेना. गुरुजींनी त्याला अर्ध्या पानभर खाली पाडत ठेवलं. वाटेत एक ढग लागला, एक घार लागली. घारीने वर जायचा रस्ता विचारला आणि कर्नलने तोही सांगितला. शेवटी खड्कन छत्री उघडली ती कर्नल जमिनीवर येऊन पोचल्यावर.

"ऊन लागत होतं," कर्नल खर्जात म्हणाला.

पहिल्या रांगेत थिएटरवाल्या बाई डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होत्या. हसून हसून त्यांचा चष्मा मांडीत पडला होता. गुद्द्याऐवजी म्हैस हंबरली तेव्हा मागच्या रांगेतला एक गृहस्थ उठून बाहेर जाऊन पाणी पिऊन आला.

आणि इथेच वहिनींची पंचाईत झाली, कारण त्यांना मजा यायला लागली. त्यांनी कोबी उचलायचा अवकाश, केमिस्टाच्या भिवया वर जायच्या. त्यांनी काहीही वाजवावं आणि त्याने ते झेलावं. कित्येक वर्षांत त्यांनी एकमेकांकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं. हा माणूस किती छान खोटं बोलतो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. आणि मग मनात आलं की पुढच्या गावी हा असाच उभा असेल, आणि इथे टेप असेल. टेपकडे कोण भिवया वर करून बघणार? वहिनींचं हसू मावळलं. त्यांनी गजराचं घड्याळ उचललं आणि माइकला टेकवलं.

टिक. टिक. टिक.

"बॉम्ब," गुरुजी कुजबुजले. "मरणाच्या बोगद्यातला शेवटचा बॉम्ब. कर्नलने श्वास रोखून लाल तार कापली."

इथे घड्याळ थांबायचं. ते थांबलं नाही.

"लाल तार फसवी होती," केमिस्ट म्हणाला. "निळी कापतो."

टिक. टिक.

त्याने हिरवी कापली, पिवळी कापली. पोस्टमास्तरांनी आपण होऊन एक जांभळी सुचवली, तीही कापली. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. केमिस्टाला घाम फुटला. त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. वहिनींनी घड्याळ दोन्ही हातांत धरलं होतं आणि त्या हसत नव्हत्या. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"या बॉम्बला हवंय तरी काय?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"कर्नल," नायिका थंडपणे म्हणाली, "ज्याने बॉम्ब बांधला त्यालाच न विचारता तारा कापल्या, तर दुसरं काय होणार?"

सभागृह अजून हसत होतं. केमिस्टाने कागद खाली ठेवला आणि खर्जही सोडला. औषधं बांधून देताना म्हाताऱ्यांशी बोलायचा त्या आवाजात तो म्हणाला, "तिला न विचारता मी हो म्हटलं. चुकलं माझं."

टिक. टिक.

"आणि ती मदत करत नाही. हे सगळं तिचंच आहे. मी नुसता ओरडतो." तो पहिल्या रांगेकडे वळला. "बाई, टेप नको. जागा नसेल तर कर्नल घरी थांबेल. नाहीतरी त्याच्यावाचून काय अडलंय?"

"मी माझी बॅग मांडीवर घेतो," प्रोफेसर काळोख घाईघाईने म्हणाले. "चौघांत पाच सहज बसतात."

हसू हळूहळू विरलं. लोकांना सगळं कळलं असेल असं नाही, पण काहीतरी खरं चाललंय एवढं कळलं. वहिनींनी घड्याळ माइकपासून काढलं आणि पदरात गुंडाळलं. इतकी शांतता झाली की पहिल्या रांगेतला चष्मा उचलल्याचा आवाज आला.

आता नाटकात एकच गोष्ट उरली होती. मंडळी गाडीत बसून निघून जातात आणि पडदा. गुरुजींनी ती ओळ वाचली. वहिनींनी डब्यात अंडी फेटायचं यंत्र फिरवलं, गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली.

आणि करकचून थांबली.

वहिनींनी सँडल हातांत चढवल्या. फळीवर बाईमाणसाची पावलं वाजली, जराही घाई न करता, लांबून जवळ येत गेलेली. गाडीचं दार उघडलं. मग वहिनी, ज्यांना अख्ख्या नाटकात एक वाक्य नव्हतं, हातात सँडल तशाच ठेवून माइकपाशी वाकल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.

कर्नल धडाका सरकला. दार लागलं आणि गाडी निघाली.