चाळीस टक्क्यांची काठी

साहेब, एका सरळ माणसाला तुम्ही सोंगाड्या बनवलंत. धडधाकट असून आजारपणाचं सोंग करणारे जगात पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी तुमच्याकडे जाडजूड नियम आहेत. पण आजारी माणसाला बरं असल्याचं सोंग करायला तुम्ही लावलंत, तेव्हा मी त्याच्या हातात होते. मला तोंड नाही म्हणून इतके दिवस तुमचं फावलं. आज मी बोलणार आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. भांडण साहेबांशी आहे, तुमच्याशी नाही. मी एक जुनी काठी आहे. काही वस्तू आपल्या जन्माची मोठी रसाळ हकिकत सांगतात, अमक्या रानातलं झाड, तमका प्रेमळ सुतार. माझं तसलं काही नाही. एका यंत्राने मला गोल केलं, दुसऱ्याने वाफ देऊन माझी मान वाकवली, तिसऱ्याने बुडाला रबरी टोपण ठोकलं. त्या दिवशी माझ्यासारख्या तीनशे जणी जन्मल्या आणि तीनशेच्या तीनशे जणी साहेबांच्या कार्यालयात आल्या, जिथून अधू माणसांना साधनं आणि भत्ता मिळतो. तिथे माझ्या मानेवर आकडा ठोकला आणि वहीत लिहिलं, ‘काठी, एक नग’. माझं नाव, गाव, कूळ सगळं तेवढंच.

ज्याच्या हाती मला दिलं तो कुलपं दुरुस्त करायचा. लोक त्याला किल्लीमास्तर म्हणत. कुणाचं तरी बंद घर उघडायला शिडी लावून खिडकीत चढला, शिडी सरकली आणि उजवा खुबा मोडला. कार्यालयाच्या डॉक्टरांनी त्याला खोलीभर चालवलं आणि कागदावर लिहिलं, ‘चाळीस टक्के’. पन्नासच्या आत एक काठी आणि भत्ता. पन्नासच्या वर चार पायांचा वॉकर आणि थोडा जास्त भत्ता. असा तो हिशोब. माणसाच्या पायाचे टक्के कसे काढतात ते मला आजही कळलेलं नाही, आणि ज्यांनी काढले त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. मास्तर खिडकीपाशी बसून कानशीने किल्ल्या घासायचा आणि मी शेजारी भिंतीला टेकून उभी असायची. नुसतं चालवणं एवढंच माझं काम नव्हतं. उंच खिळ्यावरची कुलपं मी काढायची. पंख्याचं बटण मी दाबायची. वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे गळा साफ करू लागला की छताला दोन ठोके मीच द्यायची. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचा, “बायको एक वेळ रुसते, ही नाही रुसत.” आतून बायको म्हणायची, “मग आजचा चहा तिलाच करायला सांगा.”

भत्ता आणि किल्ल्या मिळून घर चालायचं. यातलं एक गेलं असतं तर दुसऱ्याने तोल सांभाळला नसता. मास्तरचं आणि माझंही तेच होतं.

मग त्याचा डावा पाय बिघडू लागला. हा चांगला पाय. आधी तळव्याला मुंग्या, मग पाऊल जड, मग एक दिवस चप्पल पायातून निसटली आणि चार पावलं गेल्यावर बायकोने मागून हाक मारली, “अहो, चप्पल मागे राहिली!” त्याला पत्ताच नव्हता. गल्लीतल्या डॉक्टरने तपासून स्पष्ट सांगितलं, “पाठीत नस दबतेय. दोन्ही हातांना आधार लागणार. एका काठीवर चालत राहिलात तर एक दिवस जिन्यात पडाल, आणि या खेपेला पडलात तर बसून किल्लीही घासता येणार नाही.”

आता तुम्ही म्हणाल, यात अडचण काय? कार्यालयाला कळवायचं, वॉकर आणायचा. मित्रांनो, तुम्ही लहान आहात म्हणून असं म्हणता. भत्त्याच्या कागदाच्या तळाशी, डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरात एक ओळ होती. ‘प्रकृतीत कोणताही बदल झाल्यास तत्काळ कळवावे. फेरतपासणी पूर्ण होईपर्यंत भत्ता स्थगित राहील.’ तब्येत सुधारली तरी स्थगित, बिघडली तरी स्थगित. आणि फेरतपासणी कधी पूर्ण होईल, ते बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

बायको म्हणाली, “कळवून टाका. माणूस महत्त्वाचा.”

“अगं, माणूस खातो काय ते महत्त्वाचं.”

“पडलात म्हणजे?”

“नाही पडत.”

“कालच पडलात.”

“ते बसलो होतो.”

“जिन्यात? तोंडावर?”

 मास्तरने एक युक्ती काढली. डाव्या हातात त्याने छत्री धरली. लांब दांड्याची, काळी, जाड. दुसरी काठी घेतली असती तर लोकांना दिसली असती, लोक बोलले असते, बोललेलं कार्यालयात पोचलं असतं. छत्रीला कोण काय म्हणणार? पण कडक उन्हाळ्यात रोज छत्री! नाक्यावरचा न्हावी विचारायचा, “मास्तर, पावसाची बातमी आहे का?”

“मला आतून कळतं,” मास्तर म्हणायचा.

पुढे असं झालं, की मास्तर छत्री घेऊन निघाला की समोरच्या इमारतीतल्या बायका वाळत घातलेले कपडे भराभर आत घेऊ लागल्या. मला हसू यायचं. छत्रीला मात्र राग यायचा. तिचा जन्म उघडण्यासाठी होता आणि ती बिचारी मिटूनच झिजत होती.

आणि अशात कार्यालयाचं पत्र आलं, वार्षिक पाहणीला तपासनीस घरी येणार. बायकोने तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट चिमटीने अचूक लावता येते, अशी त्याची खात्री होती.

“भाऊजी, सोपं आहे,” तो म्हणाला. “तुम्ही गेल्या वर्षी जसे चालत होता तसे चालून दाखवायचं. चाळीस टक्के. ना कमी, ना जास्त. चला, उठा. छत्री ठेवा.”

मग मित्रांनो, आठ दिवस रोज संध्याकाळी आमच्या घरात जो प्रकार चालला, तो मी कधी विसरणार नाही. मास्तर खिडकीपासून दारापर्यंत चालायचा आणि मेहुणा जमिनीवर पालथा पडून, एक डोळा मिटून त्याच्या पावलांकडे बघायचा.

“छे छे, हे साठ झालं! डावा ओढू नका.”

“अरे, तो मी ओढत नाही, तो आपला आपण ओढला जातो.”

“आता हे बघा, हे पंचवीस. एवढं ताठ चाललात तर काठीपण काढून घेतील. थोडं लंगडा. उजव्याने! तुमचा उजवा अधू आहे, विसरलात?”

“दोन्हींत आता फरक राहिला नाही रे.”

“ताई, तू सांग, गेल्या वर्षी कसे चालायचे?”

बायको भांडी बाजूला ठेवून, पदर खोचून, स्वतः चालून दाखवायची. आणि खरं सांगते, मास्तरपेक्षा ती हुबेहूब लंगडायची. शेजारीण साखर मागायला आली, तिने दारातून ही मिरवणूक बघितली आणि साखर न घेताच गेली.

सगळा भार माझ्यावर यायचा. रबरी टोपण झिजून माझं लाकूड फरशीवर टकटक करू लागलं होतं. मास्तर घामाने भिजायचा. पण आठव्या दिवशी तो असा चालला की मेहुण्याने टाळी वाजवली, “काटा बरोबर मध्ये!”

तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, बगलेत फाइल. जिना चढून दमल्या होत्या. बायकोने पाणी दिलं. छत्री कोपऱ्यात तोंड वळवून उभी होती. बाई म्हणाल्या, “चालून दाखवा.”

मास्तर चालला. मित्रांनो, काय चालला! भीतीने त्याच्या अंगात असं बळ आलं, की दारापर्यंत जाऊन तो वळला तो जवळजवळ तरुण माणसासारखा. मेहुण्याने डोळे मिटून घेतले. त्याला कळलं, काटा भलतीकडे गेला.

“वा!” बाई म्हणाल्या. “तुमच्यात तर सुधारणा आहे.” आणि त्यांनी पेन उघडलं.

“मॅडम, मॅडम, आज त्यांची तब्येत जरा चुकून बरी आहे,” मेहुणा म्हणाला.

“चुकून?”

“म्हणजे रोज इतकी नसते. चाळीसच असते.”

बाईंनी चष्म्यावरून तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. ‘बदल नाही’ लिहिते. इथे सही करा. वरील माहिती खरी आहे म्हणून.”

सुटलो! मला वाटलं, संपलं. एक सही, की वर्षभर घोर नाही. मास्तरने पेन घेतलं. आणि तसाच थांबला. उभ्या उभ्या त्याचा डावा गुडघा थरथरत होता. ती थरथर त्याच्या हातातून माझ्यात उतरत होती, म्हणून मला ठाऊक. बायकोलाही दिसली. कळवा कळवा म्हणून वर्षभर मागे लागलेली तीच बायको आता हळू आवाजात म्हणाली, “अहो, करा ना सही.”

मास्तर म्हणाला, “बाई, मी आजवर लावून न पाहिलेली किल्ली कुणाच्या हातात दिली नाही. या कागदावर सही केली तर ही पहिली होईल. ते ‘बदल नाही’ तेवढं खोडा. माझी तब्येत बिघडलीय. डावा पायही गेलाय.”

“आत्ता तर चाललात!”

“ते सोंग होतं.”

“बरं असल्याचं?” बाईंच्या तीस वर्षांच्या नोकरीत असला आरोपी त्यांना भेटला नसावा. “कशासाठी?”

मास्तरने कागदाच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी ती वाचली. त्यांना ती पाठ असणार, तरी पुन्हा वाचली. मग खाली मान घालून म्हणाल्या, “हा नियम मी केलेला नाही.” मेहुणा डोकं धरून खाली बसला. बायकोने मास्तरला खुर्ची दिली, कोपऱ्यातली छत्री आणून त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “खरं बोललात ना? आता जेवायला काय करू तेही तुम्हीच सांगा.” पण हे म्हणताना तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज इतकी तापले नसते. बाई निघताना अडखळत म्हणाल्या, “आणखी एक आहे. टक्केवारी आता वादात आली. त्यामुळे जुन्या टक्केवारीवर दिलेलं साधन जमा करावं लागतं.”

साधन म्हणजे मी.

त्यांनी ‘काठी, एक नग’ अशी पावती दिली आणि मला घेऊन गेल्या. कार्यालयाला तीन मजले आहेत. दुसऱ्या मजल्यापासून बाई माझ्यावरच भार टाकून चढल्या. त्यांचे गुडघे मला अदमासे तीस टक्के वाटले. मी कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून मी ‘जमा साधने’ लिहिलेल्या कपाटात आहे. इथे आम्ही चाळीसएक जणी आहोत. काठ्या, कुबड्या, एक चाक गेलेली खुर्ची. प्रत्येकीचा माणूस कुठेतरी भिंत धरून उभा आहे. अकरा आठवडे झाले. मध्ये मेहुणा चौकशीला येऊन गेला. कपाटाच्या फटीतून मी ऐकलं. भत्ता बंद आहे. छत्रीची दांडी मोडली. भाऊजी जिना बसून उतरतात, एकेक पायरी. कारकून म्हणाला, “तारीख कळवू.”

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी काठी घेऊन चालत असेल, तर ती खेळायला पळवू नका. तिचं रबर झिजलं की नवं बसवा. आणि तो माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला तर त्याच्या गुडघ्याकडे बघा, तोंडाकडे नको.

आता साहेब, तुम्ही. काल तुमच्या कारकुनाने फेरतपासणीचं पत्र टाइप केलं आणि टाइप करता करता मोठ्याने वाचलं. ‘अर्जदाराने त्यास दिलेल्या साधनासह समक्ष हजर राहावे. साधनाशिवाय आल्यास तपासणी होणार नाही.’ साधन तर तुमच्याच कपाटात आहे, कुलूप लावून. मग किल्लीमास्तरने तुमचे तीन मजले कशाच्या आधाराने चढायचे? मला तोंडी उत्तर नको. लेखी द्या, आणि खाली सही करा.